ड्रोनला आज्ञा कोण देतो? भूनियंत्रण केंद्राशी चालणाऱ्या संवादाची भाषा

८ मे २०२५ च्या रात्री पाकिस्तानने लेहपासून सर क्रीकपर्यंत ३६ ठिकाणी सुमारे ३०० ते ४०० ड्रोन भारतीय हद्दीत घुसवण्याचा प्रयत्न केला आणि त्यांतील अनेक ड्रोन ‘कायनेटिक’ व ‘नॉन-कायनेटिक’ उपायांनी पाडण्यात आले, असे दुसऱ्या दिवशीच्या अधिकृत पत्रकार परिषदेत सांगण्यात आले. पहिल्या शब्दाचा अर्थ सरळ आहे : तोफेचा गोळा, क्षेपणास्त्र, गोळी. दुसरा शब्द त्यानंतर बातम्यांतून वारंवार येऊ लागला. तो उलगडून मात्र क्वचितच सांगितला गेला. एकही गोळी न झाडता ड्रोन निकामी करता येतो, कारण तो एका अदृश्य दोरीने जमिनीशी बांधलेला असतो. ही दोरी तोडता येते, गुंतवता येते आणि प्रसंगी दुसऱ्याच्या हातीही जाऊ शकते. ड्रोन आणि त्याचे भूनियंत्रण केंद्र यांच्यात अखंड चालणारा रेडिओसंवाद म्हणजेच ही दोरी.

या संवादाचे ठरलेले नियम म्हणजे ‘प्रोटोकॉल’. हा शब्द मराठी वृत्तपत्रांच्या वाचकाला राजशिष्टाचाराच्या संदर्भात परिचित आहे, आणि येथेही त्याचा अर्थ फारसा दूरचा नाही. कोणी आधी बोलायचे, स्वतःची ओळख कशी द्यायची, ऐकले की नाही हे कसे कळवायचे आणि उत्तर आले नाही तर काय समजायचे, हे सर्व यंत्रांनाही आधी ठरवून द्यावे लागते. प्रश्न केवळ रणभूमीचा नाही. महिला बचत गटांना फवारणीचे ड्रोन देण्यासाठी केंद्राने नोव्हेंबर २०२३ मध्ये १,२६१ कोटी रुपयांची योजना मंजूर केली. १५,००० गट हे तिचे लक्ष्य आहे. औषधे, भूमापन, वीजवाहिन्यांची तपासणी, पोलिसांची टेहळणी अशा कामांत ड्रोन रुळले आहेत. डोक्यावरून उडणाऱ्या या यंत्राला आज्ञा देणारा नेमका कोण, हे ते यंत्र कसे ओळखते, ही बाब त्यामुळे सर्वांच्याच सुरक्षिततेशी निगडित झाली आहे.

एक दोरी, तीन पदर

भूनियंत्रण केंद्र हा शब्द भारदस्त असला तरी वस्तू नेहमीच तशी नसते. शेताच्या बांधावर उभ्या असलेल्या चालकाच्या हातातील टॅब्लेट आणि त्याला जोडलेला लहानसा रेडिओ, एवढेही भूनियंत्रण केंद्र असू शकते. लष्करी ड्रोनसाठी ते वातानुकूलित वाहनात किंवा हजारो किलोमीटर दूरच्या इमारतीतही असते. संवादाचे पदर मात्र सर्वत्र सारखेच. जमिनीवरून वर जातात त्या आज्ञा. ड्रोनकडून खाली येते ते स्थितिकथन, म्हणजेच टेलिमेट्री : उंची, वेग, कल, बॅटरी, उपग्रहांवरून काढलेले स्थान. तिसरा पदर कॅमेऱ्याच्या चित्राचा.

चित्राचा पदर बहुधा वेगळा ठेवतात. लहान ड्रोनच्या टेलिमेट्री रेडिओची उड्डाण नियंत्रकाशी असलेली जोडणी सामान्यतः सेकंदाला ५७,६०० बिट या वेगाने चालते. म्हणजे सेकंदाला जेमतेम ५,७६० बाइट. स्पष्ट चलच्चित्राला याच्या कितीतरी पट वेग लागतो. स्थितिकथन मात्र एवढ्या अरुंद वाटेवरूनही सुखाने चालते, कारण त्याचे संदेश अतिशय काटकसरीने बांधलेले असतात.

झुरिकच्या विद्यार्थ्याची भाषा

या काटकसरीचे जगभर प्रचलित असलेले उदाहरण म्हणजे ‘मॅव्हलिंक’. स्वित्झर्लंडमधील झुरिकच्या ईटीएच या तंत्रविद्यापीठात शिकत असताना लॉरेन्झ मायर यांनी तो तयार केला आणि २००९ मध्ये मुक्त परवान्याखाली खुला केला. त्याच प्रकल्पातून पुढे ‘पिक्सहॉक’ हा उड्डाण नियंत्रक आणि ‘पीएक्स४’ ही प्रणाली आली. ‘अर्डूपायलट’ या दुसऱ्या मोठ्या मुक्त प्रणालीनेही मॅव्हलिंकच स्वीकारला. जमिनीवरच्या बाजूला ‘क्यूग्राउंडकंट्रोल’ आणि ‘मिशन प्लॅनर’ ही सॉफ्टवेअर हीच भाषा बोलतात. परिणामी एका कंपनीचा उड्डाण नियंत्रक, दुसऱ्या कंपनीचा रेडिओ आणि तिसऱ्याच कोणाचे सॉफ्टवेअर एकत्र नांदू शकते. जगभरच्या नवउद्योगांना आणि अभियांत्रिकी महाविद्यालयांना ड्रोन बांधणे परवडू लागले, त्यात या मोकळेपणाचा वाटा मोठा आहे.

मॅव्हलिंकचा एक संदेश म्हणजे बाइटांची एक छोटी आगगाडी. दुसऱ्या आवृत्तीत तिची सुरुवात २५३ या ठरावीक अंकाने होते. तो दिसला, की ऐकणाऱ्याने समजायचे की नवा संदेश सुरू झाला. मग येते आतल्या मजकुराची लांबी, त्यानंतर दोन निशाण्या, पाठोपाठ अनुक्रमांक, पाठवणाऱ्या यंत्राचा क्रमांक, त्या यंत्रातील घटकाचा क्रमांक आणि संदेशाचा प्रकार. एवढ्याला १० बाइट लागतात. मग जास्तीत जास्त २५५ बाइटांचा मजकूर आणि शेवटी पडताळणीचे २ बाइट. २०१७ पूर्वी सर्रास वापरल्या जाणाऱ्या पहिल्या आवृत्तीत शीर्षभाग ६ बाइटांचा होता आणि संदेशाच्या प्रकारासाठी एकच बाइट असल्याने प्रकार २५६ च्या पुढे जाऊ शकत नव्हते. दुसऱ्या आवृत्तीने ही मर्यादा १ कोटी ६७ लाखांवर नेली.

यातील प्रत्येक आकड्यामागे कोणाचा तरी विचार आहे. अनुक्रमांक ० पासून २५५ पर्यंत जाऊन पुन्हा ० वर येतो. ४१ नंतर एकदम ४४ आला, तर मधले दोन संदेश हवेत विरले, हे जमिनीवरच्या यंत्राला कोणी न सांगताच कळते. यंत्राच्या क्रमांकाला एकच बाइट दिल्यामुळे एका जाळ्यात २५५ पेक्षा अधिक यंत्रांना स्वतंत्र ओळख देता येत नाही. एका केंद्रावरून एक-दोन ड्रोन चालवणाऱ्याला ही मर्यादा कधी जाणवणारही नाही. पण जानेवारी २०२२ मध्ये विजय चौकातील ‘बीटिंग रिट्रीट’ सोहळ्यात दिल्ली आयआयटीच्या पाठबळावर उभ्या राहिलेल्या कंपनीने १,००० ड्रोन एकाच वेळी उडवले, तशा थव्याला या क्रमांकपद्धतीपलीकडची व्यवस्था उभारावीच लागते.

स्थानाच्या नोंदीत तर भारताच्या नकाशाशी थेट संबंध असलेली एक गंमत आहे. आरंभी उड्डाणमार्गाचे टप्पे ३२ बिटांच्या दशांश अपूर्णांकात पाठवले जात. या पद्धतीत आकडा जितका मोठा, तितकी अचूकता कमी. भारताचा विस्तार साधारण ६८ ते ९७ पूर्व रेखांशांत आहे. आणि ६४ ते १२८ या टापूतल्या आकड्यांसाठी ३२ बिटांत दोन शेजारच्या मूल्यांमधील अंतर जमिनीवर सुमारे ८० सेंटीमीटर भरते. लंडन शून्य रेखांशाला खेटून असल्याने तिथे हा दोष पूर्व-पश्चिम दिशेने जवळपास जाणवतच नाही. नंतर अंश एक कोटीने गुणून पूर्णांकात पाठवण्याची पद्धत आली. नागपूरचा २१.१४५८ हा अक्षांश २११४५८००० असा पाठवला जातो आणि शेवटचा एकक जमिनीवर सुमारे १.१ सेंटीमीटरचा असतो. द्राक्षबागेच्या दोन ओळींमधून ड्रोन नेणाऱ्याला हा फरक सांगावा लागत नाही.

सांगून मोकळे होणे आणि पोच घेणे

या संवादाची खरी खुबी अशी, की त्यात दोन स्वभाव एकत्र नांदतात. ड्रोनचा कल आणि स्थान सांगणारे संदेश सेकंदाला अनेकदा पाठवले जातात. त्यातील एखादा हरवला तर तो पुन्हा मागितला जात नाही. मागितला तरी उपयोग नसतो. तो येईपर्यंत ड्रोन पुढे गेलेला असतो आणि जुन्या स्थानाची वार्ता शिळी झालेली असते. म्हणून येथे एकतर्फी प्रक्षेपण पुरते. कल आणि स्थान यांचे संदेश प्रत्येकी साधारण ४० बाइटांचे असतात. दोन्ही सेकंदाला दहादा पाठवले तरी मिळून ८०० बाइट होतात; अरुंद वाटही त्यात भरून जात नाही.

आज्ञेचे तसे नाही. ‘उतर’ ही आज्ञा हरवली, तर ते कळलेच पाहिजे. म्हणून प्रत्येक आज्ञेला ड्रोनने पोच द्यायची असते : स्वीकारली, नाकारली, किंवा काम चालू आहे. पोच आली नाही, तर केंद्र तीच आज्ञा पुन्हा पाठवते. उड्डाणमार्ग चढवतानाची रीत तर एखाद्या सावध कारकुनाची आठवण करून देते. केंद्र आधी सांगते, ‘एकूण ३० टप्पे आहेत.’ मग ड्रोन स्वतः एकेक टप्पा मागतो : पहिला दे, दुसरा दे. मागितलेला टप्पा ठरलेल्या वेळेत आला नाही तर तो पुन्हा मागतो. सगळे मिळाले, की एकच अंतिम पोच देतो. अर्धवट मार्ग घेऊन उड्डाण होऊ नये, याची ही तजवीज आहे.

मणिपूरमध्ये ४ ऑक्टोबर २०२१ रोजी भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या उपक्रमात ड्रोनने बिष्णुपूरच्या जिल्हा रुग्णालयातून लोकटक सरोवरातील करांग बेटावर कोविडची लस पोहोचवली. रस्त्याने २६ किलोमीटर असलेले हे अंतर हवेतून १५ किलोमीटर भरते आणि ते १२ ते १५ मिनिटांत पार झाले. अशा उड्डाणात ड्रोन चालकाच्या नजरेआड जातो. मग तो कुठे आहे हे फक्त टेलिमेट्री सांगते, आणि तो कुठे जाणार हे आधी चढवलेल्या टप्प्यांवर ठरते.

स्पंदन थांबले तर

मॅव्हलिंकमधील सर्वांत साधा संदेश सर्वांत महत्त्वाचा आहे. त्याचा क्रमांक शून्य आणि नाव ‘हार्टबीट’, म्हणजे हृदयाचा ठोका. सामान्यतः सेकंदाला एकदा प्रत्येक यंत्र तो पाठवते. आतला मजकूर अवघा ९ बाइटांचा : मी कोणत्या जातीचे यंत्र आहे, कोणती प्रणाली वापरतो, कोणत्या अवस्थेत आहे. ड्रोनही तो पाठवतो आणि भूनियंत्रण केंद्रही. दोघांपैकी एकाचा ठोका ऐकू येईनासा झाला, तर दुसऱ्याने संपर्क तुटला असे मानायचे.

संपर्क तुटल्यावर ड्रोनने काय करायचे, हे मात्र ही भाषा ठरवत नाही. ते ड्रोनमधील प्रणाली ठरवते आणि तिला ते माणसाने आधी सांगून ठेवलेले असावे लागते. तिथल्या तिथे घिरट्या घालणे, जागीच उतरणे, आखलेला मार्ग पूर्ण करणे किंवा जिथून उडाला तिथे परतणे, असे पर्याय असतात. अर्डूपायलटच्या बहुपंखी ड्रोनच्या प्रणालीत हातातल्या रिमोटचा संपर्क तुटल्यास परत येण्याची तरतूद मुळातच चालू असते. भूनियंत्रण केंद्राचा संपर्क तुटल्यास काय करायचे, ही तरतूद मात्र चालकाने स्वतः चालू करावी लागते. परतीच्या प्रवासाची मूळ किमान उंची १५ मीटर ठेवलेली असते. कोकणातील वाडीत माड याहून उंच असतात. उच्चदाबाच्या वीजवाहिन्यांचे मनोरे तर असतातच. कारखान्यातून आलेली ही मांडणी तशीच ठेवून उडणारा ड्रोन संपर्क तुटताच आज्ञाधारकपणे झाडात शिरू शकतो. दोष मग ‘सिग्नल’ला दिला जातो.

सैन्याने केलेल्या रेडिओरोधाचा परिणामही इथेच दिसतो. रोधक यंत्र त्याच कंप्रतेवर इतका गोंगाट करते, की ठोका ऐकू येत नाही. ड्रोनला उपग्रहांवरून स्थान कळत असेल तर तो मागे फिरतो. तेही बुजवले, तर तो वाऱ्यावर वाहू लागतो किंवा खाली उतरतो. डीआरडीओने विकसित केलेल्या ‘डी-४’ या ड्रोनविरोधी यंत्रणेत रेडिओ आणि उपग्रह दिशादर्शन या दोन्हींचा रोध करण्याची सोय आहे, ती याच कारणाने. लेझरने ड्रोन जाळण्याची सोय त्यात वेगळी आहे.

ओळख पटवायची कशी?

आता मूळ प्रश्नाकडे. मॅव्हलिंकच्या प्रत्येक संदेशाच्या शेवटी पडताळणीचे २ बाइट असतात, असे वर म्हटले. ते कशाची पडताळणी करतात? वाटेत रेडिओच्या खरखरीने एखादा बिट बदलला का, याची. दोन्ही बाजू त्या संदेशाची एकच व्याख्या वापरत आहेत का, हेही त्यातून तपासले जाते. संदेश खरोखर मालकाकडूनच आला का, हे मात्र ते सांगू शकत नाहीत, कारण ते काढण्याचे सूत्र जगजाहीर आहे. पहिल्या आवृत्तीत त्यापलीकडे काहीच नव्हते. योग्य कंप्रतेवर, योग्य बांधणीत बोलणारा कोणीही ड्रोनच्या लेखी मालकच होता. २०२० मध्ये ही उणीव सार्वजनिक त्रुटीसूचीत रीतसर नोंदली गेली; तिच्या सोबतीला संदेश कूटबद्ध नसल्याची दुसरी नोंदही झाली.

याला केवळ निष्काळजीपणा म्हणणे अन्यायाचे होईल. २००९ मध्ये हा प्रोटोकॉल घडला तेव्हा त्याच्यासमोर प्रयोगशाळा होती, छोटी प्रक्रियक चकती होती आणि अरुंद रेडिओ होता. एकेक बाइट वाचवायचा होता. बलाढ्य सैन्यही त्या वेळी फार पुढे नव्हते. इराकमधील बंडखोरांनी अवघ्या २६ डॉलरच्या ‘स्कायग्रॅबर’ या सॉफ्टवेअरने अमेरिकेच्या ‘प्रिडेटर’ ड्रोनची चित्रे पकडल्याची बातमी त्याच वर्षी डिसेंबरमध्ये ‘वॉल स्ट्रीट जर्नल’ने दिली, तो चित्रपदर कूटबद्ध नव्हता.

दुसऱ्या आवृत्तीने सहीची सोय केली. संदेशाच्या मागे १३ बाइट जोडले जातात : १ बाइट जोडणीच्या क्रमांकाचा, ६ बाइट वेळेचे आणि ६ बाइट सहीचे. ड्रोन आणि केंद्र या दोघांकडेच असलेली ३२ बाइटांची गुप्त किल्ली, संदेशाचा मजकूर आणि वेळ हे सर्व एकत्र करून ‘एसएचए-२५६’ या गणिती प्रक्रियेतून जो ठसा निघतो, त्याचे पहिले ६ बाइट म्हणजे ही सही. किल्ली नसलेल्याने ती अंदाजाने जुळवायची म्हटली तर सुमारे २८१ लाख कोटी शक्यता असतात. वेळेचा हिशेब १ जानेवारी २०१५ पासून १० मायक्रोसेकंदांच्या एककात मोजला जातो. तो का हवा? शत्रूने काल पकडलेला, खरी सही असलेला ‘उतर’ हा संदेश आज जसाच्या तसा पुन्हा वाजवला, तर सही बरोबरच निघेल. वेळ मागे गेलेली दिसली, की ड्रोन तो संदेश फेकून देतो.

ही सोय असूनही ती चालू करणे वापरकर्त्यावर सोडलेले आहे. किल्ली ड्रोनमध्ये तारेने जोडून चढवावी लागते. रेडिओवरून पाठवली तर ऐकणाऱ्यालाही ती मिळते. केंद्राचा लॅपटॉप बदलला, दुसरा चालक आला, किल्ली हरवली, असे व्याप वाढतात आणि ज्याला उद्या सकाळी १० एकर फवारायचे आहे तो हा व्याप टाळतो. आणखी एक गल्लत सर्रास होते. सही म्हणजे गुप्तता नव्हे. सही केलेले पत्रही उघड्या पाकिटात जाऊ शकते. मॅव्हलिंकचा सही केलेला संदेश कोणालाही वाचता येतो. गुप्तता हवी असेल तर ती रेडिओच्या पातळीवर किंवा जाळ्याच्या पातळीवर वेगळी आणावी लागते.

इतर घराणी

लष्करी जगात या भाषेचा दूरचा नातेवाईक म्हणजे नाटोचे ‘स्टॅनॅग ४५८६’ हे मानक. एका देशाचा ड्रोन दुसऱ्या देशाच्या केंद्रावरून हाताळता यावा, हा त्याचा हेतू. त्यात सहकार्याच्या पाच पायऱ्या आहेत. पहिलीवर ड्रोनने टिपलेली माहिती दुसऱ्याकडून मिळते. दुसरीवर ती थेट घेता येते. तिसरीवर कॅमेरा हाताळता येतो. चौथीवर ड्रोनही, परंतु उड्डाण आणि अवतरण वगळून. पाचवीवर सारे काही. चौथी आणि पाचवी वेगळी ठेवण्यामागे अनुभव आहे. भूस्थिर उपग्रह ३५,७८६ किलोमीटर उंचीवर असतो. आज्ञा वर जाऊन खाली यायला सुमारे पाव सेकंद लागतो आणि परिणाम दिसायला आणखी तेवढाच. आकाशात हा अर्धा सेकंद खपून जातो, धावपट्टीला चाके टेकताना नाही. म्हणून ‘प्रिडेटर’सारख्या ड्रोनचे उड्डाण आणि अवतरण तळावरची तुकडी थेट रेडिओने करत असे आणि मग सूत्रे दूरच्या केंद्राकडे जात.

ग्राहकोपयोगी ड्रोनमध्ये अग्रेसर असलेल्या चीनच्या डीजेआय कंपनीने स्वतःची बंद भाषा ठेवली. चित्र, आज्ञा आणि स्थितिकथन एकाच जोडणीत गुंफणारी तिची ‘ऑक्युसिंक’ पद्धत कामात उत्तम, पण बाहेरच्याला आत डोकावता येत नाही. बंद म्हणजे सुरक्षित, हे मात्र खरे ठरले नाही. जर्मनीतील बोखुम विद्यापीठ आणि सिस्पा या संस्थेच्या संशोधकांनी २०२३ मध्ये दाखवून दिले, की या ड्रोनकडून प्रसारित होणारी ओळखसूचना कूटबद्ध नसते आणि तिच्यातून ड्रोनचेच नव्हे, तर चालकाचेही स्थान वाचता येते. युद्धक्षेत्रात ड्रोन उडवणाऱ्या सैनिकासाठी याचा अर्थ काय, हे वेगळे सांगायला नको.

कंप्रता, कायदा आणि सही

प्रोटोकॉल कितीही चांगला असो, तो ज्या कंप्रतेवर बोलतो ती देशाच्या कायद्यात बसली पाहिजे. भारतात २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा, ५.८ गिगाहर्ट्झच्या आसपासचा पट्टा आणि ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झ यांचा ठरावीक शक्तीपर्यंत विनापरवाना वापर करता येतो. अमेरिकेत ९०२ ते ९२८ मेगाहर्ट्झ खुला असल्याने तिकडच्या बाजारातील टेलिमेट्री रेडिओ बहुधा ९१५ च्या आसपास चालतात. भारतात ८९० ते ९१५ मेगाहर्ट्झ हा मोबाइल फोनकडून मनोऱ्याकडे जाणाऱ्या संदेशांचा पट्टा आहे. परदेशातून मागवलेला रेडिओ तसाच लावणारा हौशी चालक नकळत मोबाइल सेवेच्या हद्दीत बोलू लागतो.

फेब्रुवारी २०२२ मध्ये केंद्राने परदेशी ड्रोनच्या आयातीवर बंदी घातली, सुटे भाग मात्र खुले ठेवले. यामुळे देशात बांधणी वाढली. तशीच एक नवी शंकाही आली. सांगाडा भारतीय, पण रेडिओ आणि नियंत्रक कोणाचा? फेब्रुवारी २०२५ मध्ये संरक्षण मंत्रालयाने लष्करासाठीच्या ४०० मालवाहू ड्रोनचे करार चिनी सुट्या भागांच्या कारणावरून रद्द केल्याचे वृत्त आले, तेव्हा ही शंका व्यापक चर्चेत आली.

भारताने सहीचा विचार एका वेगळ्या जागी, आणि तोही लवकर, केला होता. डिसेंबर २०१८ पासून लागू झालेल्या नियमांत ‘परवानगी नाही, तर उड्डाण नाही’ ही अट होती. ‘डिजिटल स्काय’ या सरकारी मंचाने उड्डाणाची परवानगी डिजिटल सहीसह द्यायची, ड्रोनमधील प्रणालीने ती सही तपासायची आणि ती खरी ठरल्याशिवाय पंखे फिरूच द्यायचे नाहीत, अशी ती कल्पना. तिच्यात सही होती ती परवानगीपत्रावर. उड्डाणानंतर हवेतून येणाऱ्या आज्ञेवर सही हवी, हा मुद्दा त्या अटीच्या कक्षेत नव्हता. सरकारची परवानगी घेऊन रीतसर उडालेला ड्रोन पुढच्याच मिनिटाला कोणा परक्याचे ऐकू शकेल, ही फट तशीच राहिली.

२५ ऑगस्ट २०२१ च्या ड्रोन नियमांनी एकूण बंधने बरीच सैल केली. या नियमांतील १२ वा नियम सांगतो, की उड्डाणपरवानगीची ही अट, ड्रोनचे स्थान, उंची, वेग आणि ओळख प्रत्यक्ष वेळेत सांगणारा दीपक, आणि ठरावीक हद्दीबाहेर जाऊ न देण्याची क्षमता अशा सुरक्षा तरतुदी केंद्र सरकार पुढे अधिसूचित करू शकेल आणि ड्रोनमालकांना त्यांच्या पूर्ततेसाठी किमान सहा महिने देईल. या तिन्ही तरतुदींत आज्ञेच्या सहीचा उल्लेख नाही. अमेरिकेने सप्टेंबर २०२३ पासून चालकांना बंधनकारक केलेली ‘रिमोट आयडी’ पद्धतही ड्रोनने आपली ओळख जगाला सांगावी यापुरतीच आहे; ड्रोनने समोरच्याची ओळख पटवून घ्यावी, हा तिचा विषय नाही.

युक्रेनच्या युद्धात हा प्रश्न सैनिकांनी आपल्या परीने सोडवला. रेडिओरोध इतका दाट झाला, की २०२४ पासून आधी रशियाने आणि मग युक्रेननेही मागे काचतंतूची तार सोडत जाणारे ड्रोन मोठ्या प्रमाणावर वापरायला घेतले. रिळावर गुंडाळलेली ही बारीक तार १० किलोमीटर आणि त्याहून लांब जाते. तिच्यातून वाहणारा संवाद दुरून ऐकता येत नाही की बुजवता येत नाही. तो तोडायचा, तर तार शोधून कापावी लागते.